सासऱ्यांचा पंप आणि माझी चवळी

मंडळी, आज तव्यावरची भाकरी करपली आणि मला त्याचं काहीच वाटत नाहीये!

खोडदला आमचा टोमॅटोचा प्लॉट आहे. सकाळी तिथली फवारणी उरकून माझे सासरे घरी आले. पाठीवरच्या पंपात थोडं औषध उरलं होतं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून स्वारी थेट माझ्या परसबागेत! घरामागच्या त्या एवढ्याशा जागेत मी वर्षभर औषधाचा थेंब पडू दिलेला नाही.

पिठाचे हात तसेच घेऊन मी धावले. "मामा, थांबा!"

"अगं, चवळीवर लई मावा पडलाय. सगळी जाईल."

"आधी जवळून बघा तरी."

ते वाकले. शेंड्यावर रस शोषणारा काळा मावा होताच, पण लाल ठिपकेदार ढालकिडे तो मजेत खात बसले होते. मामा पंपासकट तिथंच उकिडवे बसले. तीस वर्षं शेती केलेला माणूस, नजर हलेना!

"म्हंजी आमी यांनाबी मारत आलो?"

मग म्हणाले, "एक डबा दे. थोडे प्लॉटवर नेऊन सोडतो."

"मामा, तिथं आत्ताच फवारलंय. मरतील की ते."

मामा पंप खाली ठेवून म्हणाले, "मग किती दिस फवारायचं न्हाई, तेवढं सांग."

कुणी टोमॅटोवर ढालकिडे सोडून बघितले असतील तर किती दिवस फवारणी थांबवायची ते लगेच लिहा हो. मामांनी पहिल्यांदाच मला शेतीतलं काही विचारलंय!