वेळापत्रक बदलणारे हेडसर

आमच्या हेडसरांइतका पुढचा विचार करणारा माणूस अख्ख्या बोदवड तालुक्यात झाला नसेल. घरात मुलीचं बारसं चालू असताना हे तिच्या दहावीच्या अभ्यासाची खोली कुठे काढायची, ते भिंतीवर खडूने आखत होते. शाळेत तर त्यांनी 'नियोजन' हा शब्द इतका वापरला, की मुलं आपसात त्यांना नियोजन सरच म्हणायची. एकदा शिपाई चहा घेऊन आला, तर सरांनी सवयीने विचारलं, "उद्दिष्ट काय?" तो बिचारा गोंधळून म्हणाला, "प्यायचा, सर." आम्ही सगळे खो-खो हसलो, सरांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली. "बरोबर. उद्दिष्ट असं स्पष्ट पाहिजे."

शाळेचा विकास आराखडा बाकीचे मुख्याध्यापक शेजारच्या शाळेचा उतरवून काढत. आमचे सर त्यासाठी घरोघर हिंडले. पलीकडच्या गावातल्या मुली आठवीनंतर शाळा का सोडतात, हे त्यांना हवं होतं. केळीच्या बागेवरून परतलेल्या एका आबांनी ओट्यावर बसूनच सांगितलं, "शाया सुटते तवा बस निंघून जाते, सर. पोरीले अंधारात पायी कसं येऊ देऊ?"

सरांनी एसटी डेपोत हेलपाटे घातले. बसची वेळ काही बदलेना, तेव्हा त्यांनी शाळेचीच बदलली. सकाळच्या पहिल्या बसवर शाळा भरायला लागली, आणि परतीची बस निघायच्या आत सुटायला लागली. जळगावहून रेल्वेने येणारे आम्ही शिक्षक चिडलो. सर म्हणाले, "चिडा, पण या." गेलो. मुली दहावीपर्यंत टिकल्या, काही पुढे नर्सिंगला गेल्या, आणि शाळेचा निकाल बघून गावातली माणसं आम्हालाही नमस्कार करायला लागली.

मग सर निवृत्त झाले. नव्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत जुनी वेळ परत आणली. कुणी हरकत घेतली नाही. दिवाळीपर्यंत त्या गावच्या मुलींचे बाक रिकामे व्हायला लागले.

परवा जळगावला सरांच्या मुलाच्या फ्लॅटवर गेलो होतो. सरांच्या पत्नी गेल्यापासून ते फार खंगले आहेत. मी हवापाण्याचं बोलत राहिलो, पण त्यांनी मधेच विचारलं, "त्या आबांची धाकटी? नववीत असेल ना आता?"

"घरीच असते, सर. सोयरीक ठरली म्हणतात."

"हुशार होती," एवढंच म्हणाले. गॅलरीचं दार लावायला म्हणून उठले, आणि ते न लावताच बराच वेळ तिथे उभे राहिले.