लागतील तेवढीच माणसं

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगते. कोथरूडच्या एका कंपनीत आरोग्य विम्याच्या दाव्यांचं काम बघते. दवाखान्यांतून कागद येतात, कॉम्प्युटर ते वाचतो, मग टेबलावरच्या बायका तपासतात आणि दावा मंजुरीला जातो. त्या बायकांमध्ये माझी वहिनीही आहे. तिला तिथे मीच लावलं.

मध्यंतरी आम्ही हे सगळं क्लाउडवर नेलं. म्हणजे मशीन आपली नाहीत, भाड्याची. सोमवारी कागदांचा ढीग आला की सिस्टिम आपणहून जास्त मशीन घेते, ढीग ओसरला की सोडून देते. साहेबांना हे पटवताना मी सरळ घरचं उदाहरण दिलं. माझे वडील मजूर अड्ड्यावर उभे राहायचे. स्लॅब असला की मुकादम टेम्पो भरून माणसं न्यायचा, नसला की ढुंकूनही बघायचा नाही. "मशीनचंही तसंच, सर. लागतील तेवढीच घ्यायची."

साहेबांना उदाहरण फार आवडलं. खरं सांगायचं तर मलाही.

पुढच्या बैठकीत त्यांनी माझाच आलेख पडद्यावर लावला. मशीनची रेघ सोमवारी चढलेली, गुरुवारी उतरलेली. शेजारी आणखी एक रेघ, अगदी सपाट. ती कसली, मला कळेना.

"ही आपली टेबलावरची माणसं," साहेब म्हणाले. "काम असो नसो, रोज तेवढीच. अड्डा तुम्हीच शिकवलात ना, मॅडम?"

दोघंतिघं हसले. माझा कप रिकामा झाला होता, तरी मी तो तोंडाला लावत होते. शेवटी कसंबसं म्हटलं, "ते मशीनसाठी होतं, सर."

"उदाहरण चांगलं असलं की सगळीकडे चालतं."

कुणाला काढत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. फक्त बोलावू त्या दिवसाचा पगार. रोज सकाळी फोनवर मेसेज जाईल.

घरी मीच सांगितलं. वहिनी रडली नाही, भांडली नाही. सोमवारी तरी मेसेज येईल ना, एवढंच तिने विचारलं. वडील जेवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला.

"मग हिनं सकाळी उभं कुठं ऱ्हायचं?"

कुठेच नाही अण्णा, म्हटलं, घरीच थांबायचं, मेसेज आला तर निघायचं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पास झाले तेव्हा पेढे वाटत फिरलेला माणूस. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. त्यांना समजतच नव्हतं.

गुरुवारी सकाळी वहिनी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, ओट्याशी उभी होती. डबा भरलेला. फोन डब्याला टेकवून ठेवलेला. मी माझा डबा उचलला आणि येते म्हणाले. तिने फोनवरची नजर काढली नाही.