चटणीचे चार डबे

काल आईनं सोलापूरहून पाठवलेला शेंगाचटणीचा डबा उघडला आणि लसणाच्या वासासरशी कॉलेजातली ती टेकडी आठवली. आम्ही चौघी मैत्रिणी भर उन्हात ती चढलो होतो. माथ्यावरच्या एकुलत्या एका कडुलिंबाखाली डबे उघडले, तर चारही डब्यांत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. उन्हात खराब होत नाही म्हणून चौघींच्या आयांनी तेच दिलेलं. पाणी मात्र दुसरी कुणी आणेल म्हणून एकीनंही घेतलं नव्हतं. भुकेपोटी एकमेकींच्या डब्यातले चार घास खाल्ले आणि तोंडाची आग आग झाली. घसा इतका सुकला, की रडूही येईना. तेवढ्यात तिथं शेळ्या चारणाऱ्या एक मावशी जवळ आल्या. “चटणी चौघींनी आणली, आन् पाणी एकीनं बी न्हाय व्हय?” म्हणत त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पाण्याचा कॅन पुढं केला. आम्ही पोटभर प्यायलो. मग मावशींनी चारही चटण्या चाखल्या आणि माझ्या डब्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, “ही लई सपक हाय की.” मैत्रिणी हसून हसून मातीत लोळल्या. काल मी आधी तांब्याभर पाणी शेजारी घेतलं, मगच चटणीला हात लावला. सपकच आहे. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही.