दुसरा व्हॉल्व्ह कुणी उघडला

माणूस आधी, काम मागून. सातपूरला कारखान्यांच्या गेटवर वाटायची पत्रकं ज्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याकडे मी लिहायला शिकलो, त्याने मला एवढंच व्याकरण शिकवलं. 'कामगारांना काढण्यात आले' असं लिहिलं की तो कागद माझ्या अंगावर फेकायचा. "काढण्यात आले म्हणजे? वाऱ्याने काढलं? मालकाने काढलं. लिही तसं. भीती वाटत असेल तर लग्नपत्रिका लिही."

पुढे पोटासाठी सौदीत, जुबैलला आलो. एका कंत्राटदाराच्या सेफ्टी विभागात, अहवाल लिहायला. इथे गेट आहे, पत्रक नाही. थोड्याच दिवसांत कळलं की या अहवालांत कुणीच काही करत नाही. स्पॅनर पडतो, शिडी घसरते, परवाना दिला जातो, तपासणी केली जाते. मराठी माणसाला यात नवीन काय म्हणा. आपल्याही घरात कप आपोआप फुटतो, दूध आपोआप उतू जातं. मीठ मात्र सूनच जास्त घालते.

कॅम्पमध्ये माझ्या वरच्या बंकवर दापोलीकडचा एक फिटर होता. कामावरून आलो की वरून विचारायचा, "काय पत्रकवाले, आज कुणाची खैर नाही?" टाकीत उतरायचं काम त्याचं. उतरण्याआधी टाकीत येणारी लाइन बंद करायची आणि तिच्या व्हॉल्व्हला स्वतःचं लाल कुलूप लावून चावी अंगावर ठेवायची, हा नियम. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. मॅनेजरनेही हात लावायचा नाही. तो चावी काळ्या दोऱ्यात, देवीच्या ताइताशेजारी, गळ्यात घालायचा. "बायको लांब, ही जवळ," म्हणायचा.

त्या दिवशीही त्याने कुलूप लावलं, चावी गळ्यात घातली आणि उतरला. पण त्या टाकीला दोन लाइन होत्या. दुसरी मागच्या दुरुस्तीत जोडलेली, नकाशावर न चढवलेली. कंट्रोल रूमने रेडिओवर सांगितलं, आणि बाहेरच्या ऑपरेटरने शेजारच्या टाकीसाठी म्हणून व्हॉल्व्ह फिरवला. नायट्रोजन दोन्हीकडे गेला, आतला प्राणवायू बाहेर ढकलत. त्याला वास नाही, रंग नाही, घसा खवखवत नाही. टाकीच्या तोंडाशी लक्ष ठेवायला उभा असलेल्याला वाटलं, फिटर जरा टेकलाय. दमलाय. बसू दे.

बसू दे. हे मला अजून ऐकू येतं.

कुलूप तसंच राहिलं. चावी त्याच्यासोबत शवागारात गेली होती. माणसं त्या व्हॉल्व्हजवळून जायचं टाळायला लागली. लांबून वळसा घालायची. उन्हात ते लाल कुलूप लखलखायचं, जणू तो अजून आतच आहे आणि कुलपाला ते ठाऊक आहे. शेवटी प्लांट चालू करायची वेळ आली. साहेबांनी कटर मागवला. कटर आला, हात कुणाचा पुढे येईना. मग मी कापलं. नोंदीत 'कुलूप काढण्यात आले' असं छापलेलं होतं. ते खोडून मी लिहिलं, 'मी कापले.'

साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, पुण्याचे. अल-खोबरला समुद्राजवळ फ्लॅट, घरात माणसांची ये-जा. शुक्रवारी त्यांनी मला साबुदाण्याच्या खिचडीला बोलावलं आणि ताटाशेजारी अहवालाचा मसुदा ठेवला. इंग्रजीत होता, मराठीत असा: फिटरने दुसरी लाइन बंद केली नाही. फिटरने खात्री करून घेतली नाही. नकाशा अद्ययावत केला गेला नव्हता. परवाना देण्यात आला होता. नायट्रोजन सोडण्यात आला.

मी म्हटलं, "साहेब, या अहवालात काहीतरी करणारा माणूस एकच आहे. आणि तोच मेलाय."

"अरे राजा, पत्रक नाही छापायचं आपल्याला. अहवालात व्यक्तीला दोष द्यायचा नसतो. प्रोसेस बघायची."

"मग त्याला कसा दिलात?"

वहिनींचा डाव हवेतच थांबला. "गार होतेय हो खिचडी," त्या म्हणाल्या.

"जुना नकाशा बघून टाकीत उतरायच्या परवान्यावर सही तुम्ही केली," मी म्हटलं. "त्याला दुसरी लाइन कुणी दाखवलीच नाही. तेच लिहितो."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "लिही की. पण मग ऑपरेटरचंही लिही. व्हॉल्व्हवर हात त्याचा होता ना? कुणी केलं, कुणी केलं म्हणून जीव खातोस. घे, त्याने केलं."

मी मसुदा घडी करून खिशात घातला.

कॅम्पवरून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ऑपरेटर माझ्या शेजारी येऊन बसला. पन्नाशीचा, तेलंगणातला माणूस. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत म्हणाला, "भाई, मुझे बोला, मैंने घुमाया. मेरा नाम मत डालना. पासपोर्ट कफील के पास है. सबसे पहले मुझे उठाएँगे." खरं बोलत होता. कफील म्हणजे व्हिसा देणारा इथला मालक, त्याच्या परवानगीशिवाय देशही सोडता येत नाही. त्याच्या हाताला सारखा चाळा होता, बोटं काहीतरी उलटं फिरवत असल्यासारखी.

म्हाताऱ्याचा नियम मला पाठ होता. त्याच्या गेटवर मालक एका बाजूला असायचा, माणसं दुसऱ्या. व्हॉल्व्हवर आपल्यातल्याच माणसाचा हात असेल तर काय लिहायचं, ते त्याने शिकवलं नव्हतं. मी फिटरची दोन्ही वाक्यं काढली आणि लिहिलं: परवाना देणाऱ्या अभियंत्याने जुना नकाशा पाहून सही केली. आणि खाली: कंट्रोल रूमच्या आदेशावरून दुसरा व्हॉल्व्ह उघडण्यात आला.

साहेबांनी खालचं वाक्य ठेवलं, वरचं उडवलं. फिटरची वाक्यं परत घातली नाहीत, एवढी मेहरबानी. झालं काय, तर अहवालातून सगळीच माणसं गेली. कुणी काही केलं नाही आणि एक माणूस मेला. मी सही केली नाही. दुसऱ्याने केली. माझी पार दक्षिणेच्या टोकाला, जिझानला बदली झाली. "यल्ला, खलास," गाडीत सामान टाकणारा ड्रायव्हर म्हणाला.

जिझानला एका संध्याकाळी फोन आला. फिटरचा धाकटा भाऊ, दापोलीहून.

"दादा, तुम्ही त्याच्या खोलीत होतात ना? इथे लोक बोलतायत की त्याचीच चूक झाली. आई आता देवळातही जात नाही. चूक त्याची होती काय?"

मी बोलायच्या आतच तो पुढे म्हणाला, "आणि त्याच्या सामानात काळा दोरा आलाय. ताईत त्याचाच आहे, पण एक चावी आहे. घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही. सगळ्यांना लावून बघितली. कसली हो ती?"

जुबैलहून सोबत आणलेलं ते कापलेलं कुलूप माझ्या टेबलावर होतं. कडी तुटलीय, पण खटका आत अजून बंदच आहे.

"ती त्याच्या कुलपाची," मी म्हटलं. "आईला सांग, तुझ्या भावाने कुलूप लावलं होतं. चावी गळ्यात घालूनच तो उतरला. त्याच्या वाट्याचं सगळं त्याने केलं. जुना नकाशा बघून साहेबांनी परवान्यावर सही केली." आणि मी साहेबांचं नाव सांगितलं, आडनावासकट. त्याने ते हळू आवाजात परत म्हणून घेतलं.

"आणि गॅस? तो कुणी सोडला?"

बसमधली ती बोटं माझ्यासमोर उलटी फिरत होती.

"दुसरा व्हॉल्व्ह उघडला गेला," मी म्हटलं.

पलीकडे चावी कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "कुणी?"