कोरा रकाना

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात तीन रकाने असतात: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. अंबरनाथच्या आमच्या मिक्सरच्या कारखान्यात पहिला रकाना कायम कोरा असायचा. उरलेल्या दोन्हींत म्हात्रेसाहेबांची सही, शाळकरी वळणाची, मराठीतली.

साहेब पालेगावच्या शेतकरी घरातले. डिप्लोमा करून डिझाइन खात्याचे प्रमुख झालेले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "कौतुक झालं तर तुझं नाव मी वर जाऊन सांगेन. बोंब झाली तर सही माझी हाय. तू फक्त न घाबरता रेघ मार. घाबरलेल्या मानसाची रेघ मला लांबून कलते." चिडले किंवा माया आली की त्यांची गावची बोली अशी वर यायची.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे प्रत्येक नवा नमुना ज्याने काढला त्याने आठ दिवस घरी न्यायचा. घरच्या बाईने वापरायचा, आपण बघायचं. "हात मागं, तोंड बंद. तिला शिकवावं लागलं, तर आपलं चुकलंय." एकदा त्यांच्या आईने नमुन्यात सुकटीची चटणी वाटली. पुढचा आठवडाभर आमचं अख्खं ऑफिस नाकाला रुमाल लावून बसलं होतं आणि साहेब खुशीत होते.

मग माझी पाळी आली. झाकण उघडलं की मोटर बंद पडेल, अशा लॉकचं ड्रॉइंग मी केलं होतं. मी एकट्याने काढलेला तो पहिला भाग. बदलापूरला आम्ही तिघे एका खोलीत राहायचो, जेवण खानावळीत. शेजारच्या काकूंना नमुना देता आला असता. पण त्यांनी खोट काढली तर, या भीतीने तो आठ दिवस खाटेखालीच राहिला. नमुन्याबरोबर द्यायच्या नोंदवहीत मी लिहिलं, 'आठ दिवस वापरला. तक्रार नाही.'

मिक्सर बाजारात गेल्यावर तीन महिन्यांनी उल्हासनगरच्या एका सिंधी बाईंची दोन बोटं गेली. चटणी वाटताना लाइट गेली. बटण चालूच होतं. त्यांनी झाकण काढून हाताने चटणी खरवडायला घेतली आणि लाइट आली. ओली चटणी फटीत शिरून माझं लॉक दाबलेलंच राहिलं होतं. झाकण उघडं असूनही पातं फिरलं.

साहेब त्यांच्या घरी गेले, मला बरोबर नेलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "साब, दुकानवाला बोला था, ढक्कन खुला तो मशीन चलेगा ही नहीं." पट्टी बांधलेला हात त्यांनी पदराखाली घेतला. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतताना आम्ही शहाड स्टेशनला आलो. पुलाच्या पायरीशी थांबून त्यांनी विचारलं, "वहीत लिहिलंस ते खरं ना?"

"हो साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चौकशीत ड्रॉइंग कोणी काढलं, हे विचारलं गेलं. साहेबांनी आपल्या सहीवर बोट ठेवलं. त्याच आठवड्यात त्यांच्याकडून राजीनामा घेतला गेला. डबा आणि मोजपट्टी घेऊन ते दारातून गेले, तेव्हा मी बोर्डावर वाकून रेघा मारत होतो. मला माझी लाज वाटत होती, आणि सुटलो असंही वाटत होतं.

दहाएक वर्षांनी, मी स्वतः खात्याचा प्रमुख झाल्यावर, पालेगावला गेलो. त्यांच्या शेताच्या कडेला इमारत उभी राहत होती. साहेब खाटेवर होते, आवाज खोल गेलेला. मी म्हणालो, "साहेब, तो मिक्सर मी वापरलाच नव्हता."

"ठाव हाय. पांढरं झाकण परत आलं, त्याला हलदीचा एक डाग नव्हता."

"मग सही का केलीत?"

ते छताकडे बघत म्हणाले, "तू सोताहून सांगशील म्हनून दोन दिस थांबलो. मग वरून घाई झाली. तुला झाकाया गेलो रं. बाईची बोटं माझ्या सहीनं गेली."

त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

माझ्या खात्यात पहिला रकाना आता भरतात. तरी परत आलेला नमुना मी आधी उजेडात धरतो आणि हळदीचा डाग शोधतो. तो दिसल्याशिवाय सही करत नाही. पोरं याला माझी शिस्त म्हणतात. उल्हासनगरच्या त्या बाईंचं घर मला अजून माहीत आहे. तिथे मी परत कधी गेलो नाही.