धोटा, उखळ आणि माझी कोंबडी

कोंबडीला कशात खायला घालावं, हा प्रश्न ज्यांना किरकोळ वाटतो त्यांनी माझ्या सासूबाईंबरोबर एक आठवडा काढायला हवा होता. मी अख्खा जन्म काढला, पण तो आठवडा अजून विसरलेले नाही.

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची असेन. उंबऱ्यावर जोंधळ्याने भरलेलं माप ठेवलं होतं. नव्या नवरीने ते उजव्या पायाने हलकेच लवंडायचं आणि आत यायचं, एवढंच काम. पण तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, "पोरगी उंच हाय जरा." माझा राग पहिल्यापासून नाकावर. तो त्या क्षणी पायात उतरला आणि जोंधळे थेट मामंजींच्या फेट्यात. मामंजी म्हणजे माझे सासरे. ते हसले, आत्याबाई हसल्या नाहीत. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्या दिवसापासून घरात काहीही सांडलं, मग ते मांजराने सांडलेलं असो, आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "माहेरचं वळण!"

पहिल्या पंचमीला मी माहेरी, नातेपुत्याला गेले आणि येताना एक कोंबडी घेऊन आले. पिल्लू असल्यापासून मीच तिला वाढवली होती. तांबडी, मानेवर काळे ठिपके, आणि स्वभावाने माझीच बहीण. कुर्डुवाडीला गाडीची वाट बघत बसले तेव्हा ती पदराखाली होती. तिकीटमास्तर जवळून गेला की ती कुरकुरायची आणि मी खोकायची. शेवटी त्या भल्या माणसाने मला अडुळशाचा काढा घ्यायला सांगितलं.

आमच्या घरामागे लहानसं परडं होतं. तिथे ती कोंबडी सोडली आणि मला पहिल्यांदा वाटलं, या घरात आता माझं म्हणून काहीतरी आहे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण खरं होतं. बाकी सगळं सासरचं होतं, मीसुद्धा.

आता आली पंचाईत. जमिनीवर टाकलेले जोंधळे अर्धे चिमण्या न्यायच्या, अर्धे मातीत जायचे. ते बघून आत्याबाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. एका सकाळी मामंजींच्या देखत त्यांनी फर्मान काढलं.

"मंगळवारच्या बाजारापतुर ही सांडलवंड थांबली तर बरं. न्हायतर ही म्हाराणी डालग्यात घालायची आन् बाजारात न्हेऊन इकायची. सांगून ठेवते."

"ऐकलं हां मी," मामंजी म्हणाले. ते कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि शब्दाला जागणं हा त्यांचा एकुलता एक हट्ट होता. आपला शब्द ते पाळत आणि दुसऱ्यालाही पाळायला लावत. मंगळवारला सात दिवस होते.

पहिल्या दिवशी मी जुनी परात मांडली. बाईसाहेब परातीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दोन्ही पायांनी असं उकरलं की परात रिकामी आणि परडं भरलेलं. "माहेरचं वळण," आत्याबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फुटक्या रांजणाचं खापर ठेवलं. तिने काठावर पाय दिला, खापर उलटं झालं, ती खाली सापडली आणि खापर घेऊनच परडंभर पळाली. मी हसून हसून भिंतीला टेकले. आत्याबाईही हसल्या असतील, कारण त्यांनी घाईने पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी मी दगडी उखळ वापरलं. ते उलटणार कसं? उलटलं नाहीच. कोंबडी आत उतरली, पोटभर जेवली, तिथेच ऐसपैस बसली आणि जोंधळ्यावर एक अंडं घालून बाहेर आली. मामंजी खूश. "हे बेस हाय की! वरनं जोंधळं घाला, खालनं अंडं घ्या." पण आत्याबाईंना त्याच उखळात मिरच्या कुटायच्या होत्या. त्यांनी ते तीन वेळा राखेने घासलं आणि प्रत्येक वेळी घासताना माझ्या माहेरच्या एकेका माणसाचा उद्धार केला.

चौथ्या दिवशी मला धोटा दिसला. गिरणीत साच्यावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा हा लाकडी धोटा मध्ये पोकळ असतो, दोन्ही टोकांना निमुळता, अगदी लहानशा होडीसारखा. असे धोटे चिरले की गिरणीत टाकून देत आणि मामंजी जळणाला घरी आणत. मी ढिगातून दोन निवडले, एका फळीवर शेजारी शेजारी खिळ्यांनी ठोकले आणि पोकळीत मूठ मूठ जोंधळे घातले. चोच आत जायची, पाय जायचा नाही. फळी वजनदार, उलटायची नाही. कोंबडीने सगळे प्रयोग करून पाहिले, शेवटी नाइलाजाने सभ्य माणसासारखी जेवली. खाली एक दाणा नाही!

शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, चारही दिवस परडं स्वच्छ. मी आत्याबाईंसमोरून जरा मान ताठ करूनच वावरत होते. त्या मात्र गप्प गप्प होत्या. हरलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं ते मी त्या चार दिवसांत मनसोक्त बघून घेतलं.

मंगळवारी सकाळी मागचं दार उघडलं आणि बघते तो काय! धोट्याच्या चारी बाजूंना जोंधळेच जोंधळे. कोंबडी त्यांत मजेत उकरत होती. मी खाली बसून घाईघाईने गोळा करायला लागले, तेवढ्यात रातपाळी करून आलेले मामंजी राखुंडी लावत परड्यात आले. मागोमाग आत्याबाई.

"सांडलं की गं," मामंजी म्हणाले. "ठरलं म्हंजे ठरलं. धरा तिला."

"ऱ्हाऊ द्या," आत्याबाई पुटपुटल्या.

"न्हाय, न्हाय. तुझाच शब्द हाय."

मी रडायच्या बेतात होते, पण रागाने रडू अडलं होतं. "मी नाही धरणार," म्हणाले. आता ही कोंबडी साऱ्या गल्लीत कुणाच्या हाताला लागत नसे. मलाही दोनदा चोच मारली होती. म्हटलं, पळू दे, दमवू दे सगळ्यांना. आत्याबाई पुढे झाल्या. आणि माझी कोंबडी, माझी सख्खी कोंबडी, तुरूतुरू चालत गेली आणि त्यांच्या पायाशी मान वर करून उभी राहिली. आत्याबाई वाकल्या तशी त्यांच्या ओच्याची गाठ सुटली आणि त्यातून पसाभर जोंधळे भुईवर सांडले.

कोंबडी ते लगेच टिपायला लागली.

"म्हणजे तुम्हीच!" मी ओरडले. त्या काळी सून सासूला असं बोलत नसे, पण मी बोलले.

मामंजींना हसू फुटलं आणि राखुंडी उडाली. आत्याबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "मंग काय करू?" त्या माझ्यावरच उखडल्या. "तू पाण्याला गेलीस की माझ्या हातनं खायाची. मांडीवर बसायची. त्यो लाकडाचा भोपळा मांडलास आन् चार दिस झालं, माझ्याकडं वळून बघंना!"

"मग बाजार बाजार का करत होता?"

"सासू हाय मी. येवढं तर म्हनायलाच पायजे की."

"पर शब्दाचं काय?" मामंजींनी डोळे पुसत विचारलं. त्यांना मजा वाटत होती, तरी हट्ट सुटला नव्हता.

आत्याबाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या माप घेऊन. तेच माप. जोंधळ्याने काठोकाठ भरलेलं. ते त्यांनी मागच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि बाजूला झाल्या. कोंबडीने एकदा मापाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, मग काठावर पाय देऊन उडी मारली. माप आडवं झालं आणि दाणे पार चुलीपर्यंत गेले.

"आली घरात," आत्याबाई म्हणाल्या. "घरातल्या मानसाला कुनी बाजारात न्हेतं व्हय?"

मामंजींनी मान डोलावली. धोट्याची फळी पुढेही परड्यात राहिली, पाहुण्यांना दाखवायला.

मी तशीच उभी होते. आत्याबाई जाता जाता वळल्या. "बघत काय ऱ्हायलीस? येचून घे ते जोंधळं. तुज्या वक्ताचं मी येचलंवतं, रात पडंपतुर."

लग्नाच्या दिवशी ते दाणे कुणी गोळा केले, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. मी खाली बसले आणि वेचायला लागले. थोड्या वेळाने आत्याबाईही शेजारी येऊन बसल्या.