खारपाणातला पूल

पूल पडायच्या आधी सांगतो, अशी लोकांची समजूत आहे. भेगा दिसतात, खपल्या गळतात, मग माणसं सावध होतात. कशाचं काय! साध्या सळईचा पूल एक वेळ सांगेल. सळई आधी ताणली जाते, पूल वाकतो, काँक्रीट तडकतं, हालचाल करायला आपल्याला अवधी मिळतो. ताणलेल्या केबलचा पूल मात्र मुका असतो. मी असेच पूल तपासते. अमरावतीला राहते, आणि तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

केबल म्हणजे काय, हे मी बाबांना बाजेवरून समजावलं होतं. पायथ्याची दोरी ओढून बांधली की बाजेचा झोळ जातो. पुलाची आडवी तुळई, म्हणजे गर्डर, तिचंही तसंच. काँक्रीट दाबाला दांडगं, पण ताणाला अगदीच लेचंपेचं. म्हणून गर्डरच्या पोटात नळ्या ठेवतात, त्यातून पोलादी तारांचे पीळ ओवतात, काँक्रीट कडक झालं की जॅकने ते पीळ जीव खाऊन ओढतात आणि टोकाला पाचरी बसवून अडकवतात. ती ओढ पुढे जन्मभर काँक्रीटला आवळून धरते. वर्षं जातात तशी थोडी ढिली पडते, ते आम्ही हिशेबात धरलेलंच असतं. शेवटी त्या नळीत सिमेंटचा घोळ भरतात, तारांना गंज लागू नये म्हणून. त्या घोळात पाणी लागतं.

आमचं गाव अकोल्याच्या अलीकडे खारपाणात. जमीन काळी, सोन्यासारखी; पण खाली पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फुटतो, आणि वर्षानुवर्षं तेच पिऊन माणसांच्या किडन्या जातात. गावात घरटी एक तरी असा पेशंट आहे. आमच्या घरी बाबा. शाळेत शिपाई होते. रिटायर झाले आणि दोनच वर्षांत पाय सुजायला लागले. धाकटा भाऊ आठवड्यातून दोनदा त्यांना ऑटोत घालून अकोल्याला डायलिसिसला न्यायचा. त्या वाटेवरच गावाबाहेरच्या नाल्यावरचा नवा पूल.

पूल झाला तेव्हा बाबांचा आनंद बघायला हवा होता. उन्हाळ्यात टँकर येईना, म्हणून ठेकेदाराची माणसं आमच्या परसातल्या बोअरचं पाणी मागायला आली होती. आजोबांच्या काळी गावात आमच्या हाताचं पाणी कुणी घेत नव्हतं. आणि आता साहेबांची माणसं पाइप घेऊन दारात उभी! बाबांनी मोटर लावून दिली, वरून चहाही पाजला. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आपल्या घरचं पानी हाय त्या पुलात." मी तेव्हा कॉलेजात होते. मीही मैत्रिणींना सांगितलं होतं.

पावसाळ्याआधीच्या तपासणीत तो पूल माझ्याकडे आला. गर्डरच्या टोकाशी गंजाचा एक ओघळ होता, तळहाताएवढा. दुसऱ्या कुणी सोडून दिला असता. मी तिथलं काँक्रीट फोडायला लावलं. नळी अर्धी रिकामी होती आणि उरलेल्या भागात सिमेंटच्या जागी पांढरा भुसा. तारांच्या पिळात पेचकसाचं टोक घालून बघितलं. पीळ ताणात असेल तर टोक शिरत नाही, कितीही जोर लावा. इथे सहज आत गेलं. दोन तारा तुटलेल्या होत्या, टोकं न ताणताच काडीसारखी मोडलेली. आणखी तीन ठिकाणी फोडलं, तिथेही तेच. भुसा तपासायला दिला, त्यात मीठ निघालं. मला निकाल वाचायचीही गरज नव्हती.

मिठाने तारेला बारीक खड्डा पडतो. मोकळ्या तारेला त्याचं काही नाही. पण एवढ्या ओढीखाली असलेली तार त्याच खड्ड्यापासून फाटत जाते आणि एक दिवस तुटते. आतल्या किती तुटल्या, हे बाहेरून कळत नाही. मी लिहिलं, वाहतूक ताबडतोब बंद करा. वरिष्ठ म्हणाले, "अहो, जड गाड्या बंद करू, ऑटो-दुचाकी राहू द्या. गावाला दुसरा धड रस्ता नाही." मी म्हटलं, साहेब, त्या गर्डरच्या स्वतःच्या वजनापुढे ऑटो म्हणजे काहीच नाही. तो पडेल तर स्वतःच्याच वजनाने पडेल, आणि तेव्हा वर कोण आहे हे बघत बसणार नाही. पूल बंद झाला. लोकांनी बॅरिकेड उचलून फेकले, तेव्हा मीच भांडून दोन्ही टोकांना जेसीबीने चर खणून घेतले.

गावाने मला नावं ठेवली. "सोताच्या बापाले दवाखान्यात न्या लागते अन् पोरगीच रस्ता बंद करून राह्यली! वा रे शिकलेली!" भाऊ चिडलाच. "ताई, रात्री चर बुजवतो, फक्त आपला ऑटो जाऊ दे. कोनाले काय समजते?" मी त्याला वाट्टेल ते बोलले. आता डायलिसिसची वाट नाल्यातून, शेतातल्या पांदणीने, तिप्पट लांबीची झाली. बाबा धक्के खात जायचे, पण कधी कुरकुरले नाहीत.

एकदा बाजेवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "बाई, तारा सडल्या कायनं?"

"सिमेंट खराब होतं."

"सिमेंट की पानी?"

मला खोटं बोलता येतं, पण त्यांच्यासमोर नाही. मी पंख्याकडे बघत बसले.

"काहून बोलून नाही राह्यली?" मग तेच म्हणाले, "मांगाले आले होते. पान्याले नाही कसं म्हनाव, बाई?"

मी त्यांना सांगितलं, की पाणी तपासून घ्यायचं काम ठेकेदाराचं होतं, इंजिनिअरचं होतं, तुमचं नव्हतं. ते अक्षरन् अक्षर खरं होतं. त्यांनी मान हलवली. पण त्यानंतर पुलाचं नाव त्यांनी काढलं नाही.

ऑगस्टात झड लागली. नाला भरला, पांदणीत गुडघाभर चिखल. एक डायलिसिस चुकलं, मग दुसरं. अंगात पाणी साचत चाललं, आडवं झालं की दम लागायचा. भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. अँब्युलन्स पुलाच्या पलीकडे येऊन उभी होती. चौघं तयार होते, बाज खांद्यावर घेऊन चर ओलांडून पूल पायी पार करायला. "ताई, जाऊ का? तू म्हन फक्त."

मला त्या तारा दिसत होत्या, मोडलेल्या. आणि फोनमधून बाबांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "जा. जा घेऊन. लवकर जा."

तिकडे काही बोलणं झालं. मग भाऊ रडत म्हणाला, "ते नाही म्हनतात." त्याने फोन त्यांच्या कानाला लावला. मी ओरडले, बाबा, मी सांगते ना, काही होत नाही, जा! एकेका शब्दाला दम घेत ते म्हणाले, "लोकायले बंद... अन् मले चालू? असं नाही होत, बाई. हे चौघं लेकरंबाळंवाले हायत."

मी गयावया केली. शिव्या घातल्या. बापाला शिव्या घातल्या मी! त्यांनी बाजेची दांडी धरून ठेवली होती, असं भावाने नंतर सांगितलं. नाल्याचं पाणी पहाटे उतरलं. ते त्याच्या थोडं आधी गेले.

पुण्यानुमोदनाला माणसं चिखल तुडवत आली. वंदना झाली, जेवणं झाली. हात धुता धुता एक म्हातारा म्हणाला, "पुलाले तं काहीच नाही झालं." मुद्दाम नाही, आपलं सहज. भावाने माझ्याकडे बघितलं. अजूनही तो माझ्याशी बोलत नाही. मी त्याला काय दाखवणार? वेळेवर बंद केलेला पूल उभाच राहिला, तर इंजिनिअर खोटी ठरते.

पूल अजून उभा आहे. पाडायचं टेंडर निघायचंय. गावी जाताना नाल्याच्या वाटेवरून तो पूर्ण दिसतो, सरळ, रेषेत, कुठे वाक नाही. मी गाडी थांबवते, काच खाली घेते आणि त्याच्याकडे बघून म्हणते, पड ना एकदाचा, मेल्या.